पिकअपमध्ये बाइक न्यायचीय? दोरीच्या भरवशावर राहू नका, 40 किलो लोखंडात होतो घरचा स्टँड

जळगाव : लोखंड कापून मिळेल, वेल्डिंग करून मिळेल आणि मालवाहू पिकअपही दारात उभी, या तिन्ही गोष्टी मेहरूणला हाकेच्या अंतरावर आहेत. एमआयडीसी आणि अजिंठा चौफुली जवळच. तरीही बाइक न्यायची वेळ आली की हौद्यात ती साइड स्टँडवर उभी करायची, चार वेढे नायलॉन दोरीचे मारायचे आणि वर 'धरून बस रे' म्हणत एका पोराला मागे बसवायचं, हीच पद्धत अजून चालू आहे. सुरत-पुण्याला कामाला जाणारी, चाळीसगाव भागातून ऊसतोडीला निघणारी कुटुंबं बाइक सोबत नेतात, तेव्हाही बहुतेक असंच.

धोका त्या पोरालाच जास्त. स्प्लेंडरसारखी साधी बाइकसुद्धा 110 किलोच्या पुढे भरते. करकचून ब्रेक लागला तर ते वजन माणसाच्या हाताने धरणं शक्यच नाही. शिवाय मालवाहू गाडीत माणूस बसवून अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो तो वेगळाच.

त्यावर उपाय सोपा आहे. चाकाला जागच्या जागी पकडणारा लोखंडी स्टँड. हवा तेव्हा ठेवायचा, काम झालं की काढून घ्यायचा, म्हणजे दुसऱ्या दिवशी त्याच हौद्यात बोरं नाहीतर केळी भरता येतात.

आधी टेप घेऊन हौदा मोजावा. छोटा हत्तीचा हौदा साधारण 7 फूट लांब आणि 5 फुटांच्या आत रुंद असतो. मोठ्या पिकअपचा 8-9 फुटांपर्यंत जातो. साधी बाइक साडेसहा फूट लांब आणि हँडलपाशी जवळपास अडीच फूट रुंद असते. म्हणजे दोन बाइक शेजारी बसतात, पण हँडल एकमेकांना घासतात. लांब हौद्यात एक बाइक फूटभर मागे सरकवली की प्रश्न मिटतो. छोट्या गाडीत एक उलट्या तोंडाने लावावी लागते.

चाकासाठी नाली बनवायची ती दीड इंची, 5 एमएम जाड अँगलची. 6 फुटांचे दोन अँगल समोरासमोर असे ठेवायचे की आडवी बाजू आत येईल आणि उभी बाजू बाहेर राहील. मधलं अंतर 4 इंच. बुलेटचं मागचं चाक जाड असतं, तिच्यासाठी 5 इंच ठेवावं. खालून तीन-चार ठिकाणी पट्टी मारली की नाली तयार. मध्ये राहिलेल्या फटीतून पाणी आणि चिखल निघून जातो. सपाट पत्रा टाकला तर तिथेच गंज धरतो.

खरं काम पुढच्या टोकाला आहे. चाकाच्या दोन्ही बाजूंना एक इंची चौकोनी पाइपचे 15 इंच उंच खांब उभे करायचे, त्यांना 9-10 इंचांवर आडवा पाइप जोडायचा. टायर त्याला जाऊन टेकतं. खांबाला पुढून तिरका आधार हवाच. नुसता सरळ उभा खांब चार-पाच धक्क्यांत बुडाशी तडकतो, आणि वेल्डिंगवाला घाईत असला की नेमकं हेच विसरतो. वेल्डिंगआधी बाइक उभी करून मडगार्ड कुठे लागतंय का, तेही बघून घ्यावं.

अशा दोन नाल्या दोन आडव्या अँगलवर बोल्टने बसवल्या की स्टँड झाला. हा अँगल मीटरला 3 किलो भरतो, म्हणजे खांब-पट्ट्या धरून सगळं मिळून 40 किलोच्या आसपास. लोखंडाचा भाव रोज बदलतो, त्यामुळे हे वजन डोक्यात ठेवूनच दुकानात जावं. रेड ऑक्साइडचा हात मारायला विसरू नये.

स्टँड हौद्याला कायमचा वेल्ड करू नये. गाडीची मूळ रचना बदलायला मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ची आडकाठी आहे. भोक पाडायचा मोहही टाळलेला बरा, खाली डिझेलची टाकी, ब्रेकचा पाइप आणि वायरिंग असतं. स्टँड पुढच्या भिंतीला टेकवून हौद्याच्या कड्यांना साखळीने बांधला तरी हलत नाही.

बाइक चढवायला 7-8 फुटांची, 2 इंच जाड फळी लागते. ती वरून बांधलेली हवी, नाहीतर चाक अर्ध्यावर असताना सरकते. गावात त्याहून सोपी युक्ती म्हणजे उंच बांधाला पिकअप मागून लावायची. बैल चढवताना करतात तशीच.

बांधायला दोरीपेक्षा रॅचेटचा पट्टा चांगला. नायलॉन दोरी वाटेत ढिली पडते. एका बाइकला चार पट्टे, दोन पुढे, दोन मागे, खाली आणि बाहेरच्या बाजूला तिरके ओढलेले. पुढचा पट्टा आरशाला किंवा हँडलच्या टोकाला नको. हँडलखाली शॉकअप जिथे जोडलेले असतात त्या जाड जागेला तो लावायचा. शॉकअप निम्मेच दबले पाहिजेत, पूर्ण दाबले तर सील फुटून तेल गळतं. उलट्या तोंडाच्या बाइकचे पट्टे जास्त भक्कम लागतात, कारण ब्रेक लागला की ती खांबापासून लांब ओढली जाते. साइड स्टँड वर, गाडी पहिल्या गिअरमध्ये, टाकीत पेट्रोल जेमतेम, कॉक असेल तर बंद.

फाळका बंद झालाच पाहिजे. उघडा लोंबत ठेवला की नंबरप्लेट झाकली जाते. माल हौद्याबाहेर मर्यादेपलीकडे निघाला तर 2019 च्या दुरुस्तीनंतर दंड 20 हजार रुपये आहे.

मेहरूणहून निघाल्यावर 10-15 किलोमीटरवर गाडी बाजूला घेऊन चारही पट्टे पुन्हा ओढून बघावेत. पहिल्या थांब्याला एखादा तरी ढिला निघतोच.