द्राक्षवेलीतील व्हायरॉइड

गेल्या हंगामात आमच्या मळ्यातील एका ओळीच्या पानांवर पिवळे ठिपके उमटले. फवारण्या झाल्या, खते झाली. फरक पडला नाही. त्या ओळीस कलमकाड्या ज्या बागेतून आणल्या, तिचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. आमच्या वेलींस काय झाले याचा निर्णय प्रयोगशाळेवाचून होणे नाही. परंतु त्या निमित्ताने जे वाचनात आले ते नाशिककडील बागाईतदार बंधूंस कळविणे अगत्याचे वाटते.

भारतातील द्राक्षवेलींत दोन व्हायरॉइड आढळल्याची नोंद २०१३ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी एक पानांवर पिवळे ठिपके आणणारा, दुसरा जपानात हॉपच्या वेली खुज्या करणारा. हॉपमध्ये तो द्राक्षांतूनच गेला असावा, असे तेथील संशोधकांचे मत आहे.

विषाणूस निदान प्रथिनाचा अंगरखा असतो. व्हायरॉइडास तोही नाही. बटाट्याच्या एका रोगाचा माग काढताना अमेरिकेतील थिओडोर डीनर यांनी १९७१ साली त्यास हे नाव दिले. तो म्हणजे आर.एन.ए.चा नुसता दोरा, टोके जोडून वळे झालेला. बटाट्यावरील प्रकारात अक्षरे अवघी ३५९. ए या अक्षराची यू शी व जी ची सी शी जोडी जमते, म्हणून वळे स्वतःवरच दुमडून काठीसारखे होते आणि जेथे जोडी जमत नाही तेथे फट राहते. सारी खुबी या घडीत आहे. मोकळे टोक नसल्याने पेशीतील पाचक द्रव्यांस तो सहजी कुरतडता येत नाही, आणि पेशीतून पेशीत जाण्यास त्यास काही फटी आवश्यक असतात. प्रथिन घडविण्याचा मजकूर त्यात मुळीच नाही. पेशी आपल्या डी.एन.ए.वरून नकला उतरविण्यास जे यंत्र वापरते, त्याच्याकडूनच हा स्वतःच्या नकला करवून घेतो. महसूल खात्यात नकला उतरविण्यातच आमची उमेद गेली. पण सातबाऱ्यावर नाव नसलेल्याने दप्तरच ताब्यात घ्यावे, असा प्रकार आम्ही पाहिला नव्हता! मनुष्यास होणाऱ्या ‘डी’ काविळीचे आर.एन.ए.ही अशाच दुमडलेल्या वळ्याचे असते.

द्राक्षात बहुधा लक्षण दिसत नाही. ठिपकेही ठराविक हवेतच उमटतात. यामुळे निरोगी दिसणाऱ्या वेलीची काडी डॉगरिज खुंटावर भरली जाते व रोग नव्या बागेत शिरतो. छाटणीची कात्रीही त्यास वाहून नेते. बाधित वेल बरी करणारी फवारणी नाही. काडी घेण्यापूर्वी मातृवेलीची आर.एन.ए. तपासणी करविणे, हाच खरा बंदोबस्त.

यंदा खरड छाटणीस आम्ही ती ओळ सर्वांच्या शेवटी घेतली, आणि दर वेलीनंतर कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडविली. गडी हसले, बुडविली मात्र प्रत्येक वेळी.