बाळाच्या लोकरीजवळ डांबरगोळी नको

बाळासाठी स्वेटर विणायला म्हणून दुकानातून आणलेली लोकर पुष्कळदा ॲक्रिलिकची निघते. खात्री करायची तर धाग्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून ज्योतीला लावावा. ॲक्रिलिक भराभर पेटते, वितळते आणि मागे काळा, कडक मणी उरतो. खरी लोकर पेटायला वेळ घेते, ज्योत दूर केली की विझते, आणि तिची राख बोटांत चुरली की भुकटी होते. वास येतो तो जळक्या केसांचा, कारण लोकर म्हणजे मेंढीचे केसच. ॲक्रिलिकचे झबले इतर कपड्यांबरोबर धुतले तरी फारसे बिघडत नाही. खऱ्या लोकरीचे तसे नाही.

आपले केस, नखे आणि मेंढीची लोकर या सगळ्यांचा मुख्य घटक केराटिन हे प्रथिन. त्याच्या लांब साखळ्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींना जखडलेल्या असतात. लोकरीची लवचीकता त्यातूनच येते. दाबली तरी ती पुन्हा फुलून येते. स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतके बाष्प पोटात घेऊनही लोकर हाताला ओली लागत नाही, शिवाय बाष्प शोषताना थोडी उष्णता बाहेर टाकते. तान्ह्या बाळाला स्वतःच्या अंगाची ऊब नीट राखता येत नाही, त्याच्यासाठी हे मोलाचे आहे. एक पथ्य मात्र हवे. सुमारे ३० मायक्रॉनपेक्षा जाड तंतूंची टोके त्वचेतल्या मज्जातंतूंना टोचतात. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर अशी जाडीभरडी असते. तलम मेरिनोचा तंतू २० मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून बारीक असतो. आत मऊ सुती झबले आणि वर स्वेटर ही आज्यांची पद्धत म्हणूनच अगदी योग्य आहे.

आता लोकर का आटते, ते पाहू. सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक तंतूवर खवले दिसतात, छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक चढलेले, सगळ्यांची तोंडे टोकाकडे. त्यामुळे तंतू मुळाच्या दिशेने सहज सरकतो, उलट सरकताना अडतो. पाण्यात तंतू फुगतो, गरम पाण्यात जास्त नरम पडतो. अशा वेळी चोळले, घुसळले की प्रत्येक तंतू थोडा थोडा पुढे सरकतो. त्याला मागे येता येत नाही. सगळे तंतू एकमेकांत रुतत जातात आणि सहा महिन्यांच्या बाळाचा स्वेटर बाहुलीच्या मापाचा होतो. त्याला पूर्ववत करण्याचा उपाय नाही. नुसत्या कोमट पाण्यात शांतपणे बुडवून ठेवलेली लोकर सहसा अशी गच्च होत नाही. खरा घात घुसळण्याने होतो. बुरणूस करणारे कारागीर हीच गोष्ट मुद्दाम घडवून आणतात. मागावर एक धागाही न विणता, ओली लोकर दाबून, मळून त्यांनी जाड, ऊबदार कांबळ तयार करायची, यामागे तंतूंच्या वागण्याची केवढी जाण आहे!

मशीनमध्ये धुता येणाऱ्या ‘सुपरवॉश’ लोकरीच्या खवल्यांची धार क्लोरीनने बोथट करून वर राळेचा पातळ थर चढवलेला असतो. कपड्यावर तशी पट्टी नसेल तर मशीन टाळावे.

दुसरा शत्रू साबण. धुण्याची वडी आणि धुण्याचा सोडा दोन्ही अल्कधर्मी, आणि अल्क केराटिनचे गंधकबंध तोडते. कापड-प्रयोगशाळांतली एक जुनी चाचणी यावरच आधारलेली आहे: कॉस्टिक सोड्याच्या पाच टक्के द्रावणात उकळले की लोकर पूर्ण विरघळते आणि मिश्रणातला कापूस तसाच मागे राहतो. बादलीतला साबण इतका तीव्र नसतो, पण प्रत्येक धुण्यात थोडी झीज होतेच. दुधाच्या डागांची अडचण आणखी वेगळी. दूध काढायला जी डिटर्जंट उत्तम, त्यांत प्रथिने पचवणारी विकरे असतात. ती दुधाचे प्रथिन तोडतात, तशी लोकरीवरही चालून जातात. म्हणून दुधाचा डाग ओला असतानाच गार पाण्याने टिपून काढावा. शूचे कपडेही तसेच पडू देऊ नयेत. शिळ्या लघवीत अमोनिया तयार होतो आणि तोही अल्कधर्मीच.

मला स्वतःला रिठा आवडतो. त्याचा फेस सौम्य, किंचित आम्लधर्मी असतो आणि काश्मीरमध्ये पश्मिना धुवायलाही तो वापरतात. बाळाच्या डोळ्यांना तो झोंबतो, तेव्हा नीट खळबळून काढायला हवा. रिठा नसेल तर लोकरीसाठीचे द्रव डिटर्जंट किंवा साधा सौम्य शाम्पू चालतो. पाणी हाताला जेमतेम कोमट लागेल असे, साधारण ३० अंशांचे. खळबळायचे पाणीही तितकेच कोमट. बुडवावे, हलकेच दाबावे, पाच-दहा मिनिटांत काढावे. बोअरचे जड पाणी असेल तर शेवटच्या पाण्यात चमचाभर पांढरे व्हिनेगर घालावे. पिळू नये. टॉवेलात गुंडाळून पाणी टिपावे आणि आडवे पसरून सावलीत वाळवावे. ओल्या लोकरीची ताकद कमी होते आणि दोरीवर टांगली की ती स्वतःच्याच वजनाने लोंबते.

थंडी सरली की हे कपडे ट्रंकेत जातात आणि तिथे कसर वाट पाहत असते. कसरीचा पिवळसर पतंग काहीच खात नाही, त्याचे तोंड खाण्याजोगे नसतेच. लोकर खाते ती त्याची अळी. केराटिन पचवणे फारच थोड्या प्राण्यांना जमते. या अळीला ते कसे जमते, याचा छडा १९३५ च्या सुमारास कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काई लिंडरस्ट्रोम-लांग आणि फ्रांझ दुस्पिवा यांनी लावला. त्यांना आढळले, की अळीच्या आतड्यातला रस चांगलाच अल्कधर्मी असतो आणि शिवाय तो गंधकबंध तोडतो. मग उरलेले काम विकरे करतात. अल्कधर्मीपणा मोजण्याची पीएच ही मोजपट्टी १९०९ साली याच प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी तयार केली होती.

कसर लागू नये म्हणून घरोघरी डांबरगोळ्या टाकतात. मोठ्यांच्या शालीत त्या चालत असतील, पण बाळाच्या कपड्यांत एकही नको. नॅफ्थलीनची ही गोळी हवेत विरत जाते आणि तिची वाफ लोकरीत मुरते. कपडा अंगावर चढला की ती बाळाच्या त्वचेतून आणि श्वासातून आत जाते. यकृतात तिच्यापासून बनणारी द्रव्ये तांबड्या पेशींवर हल्ला करतात. हा हल्ला पेशी ग्लुटाथायोन या गंधकयुक्त रेणूच्या बळावर परतवतात आणि तो रेणू सतत ताजा ठेवण्यासाठी जी-६-पीडी नावाचे विकर लागते. जगात सुमारे ४० कोटी लोकांत हे विकर जन्मतःच कमी असते. भारतातही ही कमतरता आढळते. तिचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने मुलग्यांना ती अधिक बाधते. एरवी मूल अगदी ठणठणीत असते, त्यामुळे घरात कुणाला पत्ताही नसतो. अशा बाळाच्या अंगावर डांबरगोळीचा वास मुरलेला कपडा आला, तर तांबड्या पेशी भराभर फुटू शकतात. त्यातून निघणारे बिलिरुबिन नवजात यकृताला आवरत नाही, कावीळ चढते आणि ती फार वाढली तर मेंदूला कायमची इजा होते.

आपल्याकडे नवजात बाळाला आधी कुणाचे तरी जुने, वापरलेले कपडे घालतात. ही फार मायेची रीत आहे. मोठ्या भावंडाची कुंची, मावशीने जपलेले टोपडे थेट ट्रंकेतून बाळंतिणीच्या खोलीत येते. त्याला डांबरगोळीचा वास असेल तर ते बाळाजवळ नेऊच नये. तसे कपडे बाहेर मोकळ्या हवेत टांगावेत आणि वास पुरता जाईपर्यंत वेगळे ठेवावेत. बाळाचे डोळे किंवा अंग पिवळे दिसले, लघवी चहासारखी गडद झाली, बाळ पांढरेफटक पडले किंवा दूध ओढेनासे झाले, तर लगेच रुग्णालय गाठावे. कपड्यांत गोळ्या होत्या हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. त्याने निदानाला मदत होते. कापूर हा पर्यायही बाळासाठी सुरक्षित नाही, पोटात गेला तर त्याने झटके येऊ शकतात.

मग कसरीचे करायचे काय? अळीला घाम, दूध, लाळ लागलेली लोकर जास्त मानवते, म्हणून कपडे धुऊन, पूर्ण वाळवूनच ठेवावेत. झाकण घट्ट बसणारा डबा घ्यावा. कडुनिंबाचा पाला किंवा वेखंड ठेवायचे तर ठेवा, पण आत आधीच शिरलेली अळी त्याने मरेल या भरवशावर राहू नका. अंडी घातल्याची शंका असेल तर संग्रहालयांतले जाणकार करतात तसे करावे: कपडा प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवावा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. ती खोलीच्या तापमानाला आली की मगच उघडावी, म्हणजे दव लोकरीवर न धरता पिशवीच्या बाहेरच राहते.