गीतातील निरर्थक अक्षरे

बालाघाट जिल्ह्याच्या बैहर भागात, मैकल डोंगरांच्या परिसरात, गोंड व बैगा समाजांची सामुदायिक गीते ऐकताना ‘री ना’, ‘तरी नाना’ अशी अक्षरे वारंवार कानी पडतात. कोशात त्यांना अर्थ नाही. दक्षिणेस गडचिरोलीकडील गोंडी गीतांत ‘रेला’ हे पालुपद असेच येते. अशा चालींवर भजने रचताना ही अक्षरे ठेवावीत की गाळावीत, हा प्रश्न उपदेशकांपुढे उभा राहतो. त्याचे उत्तर देण्यापूर्वी ही अक्षरे कोणते कार्य करतात, हे पाहणे अगत्याचे आहे.

पहिले कार्य समुदायास एकत्र बांधण्याचे. रीना हे स्त्रियांचे नृत्य, तर सैला हे पुरुषांचे काठ्यांचे नृत्य. दोहोंतही गाणे व पाऊल एकत्र चालते. ओळ ज्यास पाठ नाही, त्यासही पालुपद म्हणता येते; आणि तेवढ्या अवधीत पुढची ओळ म्हणणाऱ्यास ती आठवता येते. न, र, ल हे वर्ण लांबविता येतात व त्यांनी स्वर तुटत नाही.

तबल्याचे बोल याहून निराळे. दादऱ्याच्या ६ मात्रांत ‘धा धी ना, धा ती ना’ म्हणताना प्रत्येक अक्षर हाताचा एकेक आघात सांगते. ‘धी’मध्ये डग्ग्याचा घुमारा असतो, ‘ती’मध्ये तो नसतो. म्हणजे येथे अक्षरांस शब्दार्थ नसला तरी निश्चित संकेत आहे.

शब्दावाचून गाणे ख्रिस्ती परंपरेसही अपरिचित नाही. संत ऑगस्टीन (३५४–४३०) ३३व्या स्तोत्रावरील विवेचनात शेतात व द्राक्षमळ्यात राबणाऱ्यांचा दाखला देतात: आनंद शब्दांत मावेनासा झाला की ते शब्द सोडून केवळ स्वराने गातात. स्तोत्रसंहितेत ‘सेला’ हा शब्द ७१ वेळा येतो. त्याचा अर्थ आज निश्चित सांगता येत नाही, तरी आपण तो गाळलेला नाही.

तथापि संत पौल आत्म्याने गाण्याबरोबर बुद्धीनेही गाण्यास सांगतात (१ करिंथ १४:१५). म्हणून पालुपदाने ओळींची जागा घेऊ नये. ओळींतील बोध मंडळीस स्पष्ट कळला पाहिजे. तसेच एखादी चाल विशिष्ट विधीशी जोडलेली आहे काय, हे गावातील जाणत्या वृद्धांस विचारल्यावाचून ती उचलू नये.

काही ठिकाणी या अक्षरांच्या जागी ‘हालेलूया’ घालण्याचा सोपा मार्ग सुचविला जातो. परंतु ‘तरी नाना’चे पहिले अक्षर ऱ्हस्व आहे, ‘हालेलूया’ची चारही दीर्घ, चालीचा तोल त्याने बदलतो. शिवाय ‘परमेश्वराची स्तुती करा’ असा अर्थ असलेला शब्द केवळ जागा भरण्यास वापरणे त्या शब्दावरही अन्यायच होय. ज्या वृद्धेस वाचता येत नाही व भजनाची एकही ओळ पाठ नाही, तीही पालुपदाच्या आधाराने मंडळीबरोबर गाते. ती अक्षरे गाळली तर उपासनेत तिच्या वाट्यास मौनच उरेल. हे ध्यानी घेऊनच उपदेशकांनी निर्णय करावा, असे आम्हांस वाटते.