पिठाची विरी

तिसरी भाकरी परातीतच चिरली. कडेला एक भेग पडली, ती बोटाने जुळवली तर शेजारी दुसरी पडली, आणि उचलायला गेलो तेव्हा अर्धी हातात आली, अर्धी परातीला चिकटून राहिली. दारात उभ्या असलेल्या घरमालकीण मावशींनी माझ्या हातांकडे पाहिलंच नाही. त्या सरळ पिठाच्या डब्याकडे गेल्या, चिमूटभर पीठ बोटांत चोळलं, वास घेतला, थोडं जिभेवर ठेवलं.

"कवाचं पीठ हाय हे?"

"महिना झाला असेल."

"मग हाताला कशाला दोष देतोस? विरी गेलीया ह्याची."

विरी हा शब्द मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा ऐकला. पिठाचे कण ज्या गुणामुळे एकमेकांना धरून राहतात, थापताना पीठ पसरतं पण तुटत नाही, तो गुण म्हणजे विरी. दळून आणल्यावर ती दिवसागणिक कमी होत जाते. ज्वारीचं पीठ पंधरवड्यापलीकडे ठेवूच नये, असं मावशींचं म्हणणं. माझं तर महिन्याचं होतं, जिभेला कडवटही लागत होतं. तीन आठवडे मी रोज संध्याकाळी भाकरी थापून बघत होतो, आणि ज्याला विचारावं तो एकच सांगत होता, 'हात बसेल हळूहळू'. आईही फोनवर तेच म्हणाली. त्या जुन्या पिठावर माझा हात वर्षभरातही बसला नसता.

दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी सोलापूरला आलो तेव्हा मला चहा आणि मॅगी सोडून काहीही करता येत नव्हतं. पहिलं वर्ष डब्यावर काढलं. मग डबा देणाऱ्या ताई मुलीच्या बाळंतपणाला गेल्या, आणि ठरवलं की आता शिकायचं. आईने तिची 'रुचिरा' पाठवून दिली. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक 1970 साली आलं. आईची प्रत तेलाच्या डागांनी पारदर्शक झालेली, हळदीची बोटं उमटलेली. वाटी आणि चमचा ही त्यातली मापं, त्यामुळे नवख्या माणसाला मोठा धीर येतो. पोहे, उपमा, साधा भात, बटाट्याची भाजी त्या पुस्तकाच्या आधाराने महिनाभरात जमली. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. माप पाळलं आणि गॅसपाशी उभं राहिलं की ते पदार्थ होतात. भाकरी तशी होत नाही. तिच्यासाठी शेजारी माणूस लागतो, आणि तोही ज्याच्याकडे शब्द आहेत असा.

मावशी मूळच्या मंगळवेढ्याकडच्या. तिकडच्या काळ्या, ओल धरून ठेवणाऱ्या जमिनीत रब्बीची ज्वारी होते. पाऊस ओसरल्यावर पेरायची आणि मातीत मुरलेल्या पाण्यावर वाढवायची. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रभर ज्या वाणाला शाळू म्हणून मान आहे तो एम 35-1 याच जिल्ह्यात, मोहोळच्या संशोधन केंद्रावर, 1930 च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवडला गेला. इतकी वर्षं झाली, नवे संकरित वाण आले, तरी भाकरी खाणारा माणूस दुकानात आजही मालदांडीच मागतो. मला हे काहीच ठाऊक नव्हतं. मी मॉलमधून पाकीटबंद पीठ आणलं होतं, आणि त्यावर दळल्याची तारीख कुठे असते हेही पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मावशींनी मला दोन किलो ज्वारी घेऊन गिरणीत पाठवलं. निघताना दोन गोष्टी बजावल्या. गव्हाच्या मागोमाग दळू द्यायची नाही, ज्वारीवरच ज्वारी टाकायला सांगायचं. आणि डबा लगेच बंद करायचा नाही. गिरणीतून आलेलं पीठ गरम असतं, झाकण लावलं तर आत घाम धरतं. मी ते पसरट पातेल्यात काढून निवू दिलं. त्या पिठाचा वास आणि माझ्या डब्यातल्या पिठाचा वास यांत इतकं अंतर होतं की जुना डबा मी त्याच दिवशी रिकामा केला.

मग पाणी. ज्वारीत ग्लुटेन नसतं. गव्हाच्या कणकेला जो ताण येतो, ओढली तरी न तुटण्याची जी ताकद असते, ती या ग्लुटेनची. ज्वारीला ती सोय नाही, म्हणून तिला कढत पाणी लागतं. कढत पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो, आणि तोच चिकटपणा भाकरीला एकत्र धरतो. मावशी हे एवढ्यातच सांगतात, "आधणाचं पाणी घे, पीठ उकडलं पायजे." परातीत पिठाचं आळं करायचं, मधोमध उकळतं पाणी ओतायचं, उलथण्याच्या टोकाने कालवायचं आणि हाताला सोसेल इतकं निवलं की मळायला घ्यायचं. मी सुरुवातीला कोमट पाणी घेत होतो, कारण मला बोटं भाजायची भीती वाटत होती. कोमट पाण्यात ताजं पीठही चिरतं. पीठ थोडं जुनं असेल तर याच युक्तीने काही प्रमाणात निभावतं. आधणात थोडं पीठ शिजवून त्याची उकड करायची आणि उरलेलं त्यात मळायचं. विरी गेली तर ती उकडीने उसनी आणायची.

मळणं ही माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी शिकवणी झाली. कणीक मी मुठीने तिंबत असे. इथे मूठ चालत नाही. तळव्याचा मनगटाजवळचा भाग पिठावर टेकवायचा आणि पुढे रगडत न्यायचा, परत गोळा करायचा, परत रगडायचा. एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळायचं. मावशी रगडतात तेव्हा परात जमिनीवरून इंचभर पुढे सरकते, म्हणून त्या परातीखाली ओलं फडकं घालतात. पाच-सहा वेळा रगडल्यावर पिठाचा रंग बदलतो. आधी ते भुरकट आणि खरखरीत दिसतं, मग हळूहळू त्यावर एक मऊ चकाकी येते. ती चकाकी दिसली की थांबायचं. त्या मला म्हणाल्या, "लोण्यावानी लागाय पायजे." मी बोट दाबून पाहिलं, ठसा उमटला आणि ठशाच्या कडेला भेग नव्हती. आता रोज मी हीच खूण बघतो.

गोळा चपटा करून कोरड्या पिठावर ठेवला की थापणं सुरू होतं. एक हात थापतो, दुसरा कडेला आधार देतो. माझा पहिला समज होता की हाताने भाकरी फिरवायची असते. तसं नाही. थापताना बोटं किंचित तिरकी पडतात आणि भाकरी आपसूक फिरत राहते. खाली पीठ कमी पडलं तर ती चिकटते आणि फिरणं थांबतं. पीठ जास्त झालं तर भाजल्यावर कोरडी लागते. मधे जाड आणि कडेला पातळ राहिली तर फुगताना कड फाटते, म्हणून थाप मधून कडेकडे न्यायची आणि शेवटची फेरी कडेवरून घ्यायची. हे सगळं सांगताना मावशी माझ्याकडे पाठ करून शेंगा सोलत बसलेल्या असायच्या. आवाजावरून त्यांना कळायचं. सलग, एका लयीत थप थप चालू असली की त्या बोलत नसत. लय तुटली की मान न वळवता विचारायच्या, "चिरली का?"

तव्यावरचा खेळ अर्ध्या मिनिटाचा आहे. भाकरी दोन्ही तळव्यांवर उचलून तापल्या तव्यावर टाकायची, पिठाची बाजू वर. लगेच वरून पाण्याचा हात फिरवायचा, कडेपर्यंत, एकही जागा कोरडी न सोडता. ते पाणी पूर्ण वाळायच्या आत उलटायची. आधी उलटली तर ओला थर तव्याला चिकटतो. उशीर झाला तर वरचा थर वाळून तडकतो, तडा गेला की आतली वाफ तिथून निसटते आणि भाकरी फुगत नाही. योग्य वेळ म्हणजे पाण्याची चमक गेलेली पण बोटाला दमटपणा लागतोय, ती. उलटल्यावर ही पाण्याची बाजू नीट भाजू द्यायची, मग तवा बाजूला करून पहिली बाजू थेट आचेवर धरायची. चुलीवर निखारे पुढे ओढून त्यांना टेकवून भाकरी उभी करतात. माझ्याकडे गॅस आहे. चौथ्या दिवशी पहिल्यांदा एक भाकरी कडेपासून उचलली गेली, मधोमध आली आणि गच्च फुगली. वरचा पापुद्रा इतका पातळ होता की त्याच्या आत वाफ हललेली दिसली. मी तिथेच उभ्या उभ्या पापुद्रा फोडून आत तेल आणि शेंगाची चटणी घालून खाल्ली. त्या चटणीची चव मी आजवर घेतलेल्या कुठल्याही जेवणापेक्षा मोठी वाटली.

त्या रात्री एक गोष्ट मनात बसली ती अजून हलत नाही. तीस वर्षं मी भाकरी खात आलो. आजोळी आजी पहाटे उठून शेतावर जाणाऱ्यांसाठी दुरड्या भरायची. वीस-पंचवीस भाकऱ्या, रोज, चुलीच्या धगीसमोर. पाच भाकऱ्यांनंतर माझं मनगट दुखतं आणि खांदा भरून येतो. आजीने कधी हात दाखवून काही म्हटलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही. ती गेली तेव्हा मी कॉलेजात होतो. विरी हा शब्द तिला नक्की माहीत असणार. घरात कुणा मुलाने तिच्या शेजारी परात घेऊन बसावं अशी पद्धतच नव्हती, त्यामुळे तिचे शब्द तिच्याबरोबर गेले याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून मी आता मावशींचे शब्द लिहून ठेवतो. डाळीच्या बाबतीतही असंच झालं. तुरीची डाळ कुकरच्या सहा शिट्ट्या करूनही कणीदार राहायची, वरण पाणी वेगळं आणि डाळ वेगळी असं दिसायचं. मला वाटलं डाळच जुनी. मावशींनी विचारलं, "पाणी कुठलं?" सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. उजनी धरणाचं पाणी येतं तेव्हा साठवायचं आणि एरवी बोअर. मी नळाचं पिण्यासाठी जपून ठेवायचो आणि स्वयंपाकाला बोअरचं वापरायचो. बोअरचं पाणी जड. त्यातल्या क्षारांमुळे, मुख्यतः कॅल्शियममुळे, डाळीच्या कणांना बांधून ठेवणारा भाग सैल होत नाही आणि डाळ विरघळत नाही. चिंचेचंही तेच, आंबट आधी घातलं की डाळ अडून बसते, म्हणून चिंच-गूळ डाळ घोटून झाल्यावर. नळाचं पाणी घेतलं, डाळ अर्धा तास भिजवली, हळद, हिंग आणि तेलाचे दोन थेंब घातले, आणि त्याच कुकरात तीन शिट्ट्यांत डाळ लोण्यासारखी झाली. मावशींच्या भाषेत 'मिळून आली'. वरण मिळून येणं म्हणजे डाळ आणि पाणी एकजीव होणं. त्याला दुसरा शब्द मला सापडत नाही.

फोडणी मी कानाने शिकलो. तेल तापलं का हे बघायला मोहरीचा एकच दाणा टाकायचा. तो तळाशी बसून राहिला तर थांबायचं, वर येऊन फुटला तर बाकीची मोहरी. दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होते आणि टरफल फुटतं, ती तडतड. अर्धवट फुटलेली मोहरी दाताखाली कडू लागते, म्हणून आवाज विरळ होईपर्यंत धीर धरायचा. मग जिरं, मग हिंग, कढीपत्ता. हळद सगळ्यात शेवटी आणि गॅस बंद करून, कारण ती लगेच करपते. जो जिन्नस जास्त धग सोसतो तो आधी, एवढाच या क्रमाचा हिशेब आहे. तो एकदा कळला की कुठल्याही भाजीच्या फोडणीला पुस्तक उघडावं लागत नाही.

आता मी रोज रात्री चार भाकऱ्या करतो, दोन रात्रीसाठी, दोन सकाळच्या डब्याला. मावशींचं स्वयंपाकघर माझ्या स्वयंपाकघराच्या बरोबर खाली आहे. परवा सकाळी कामाला निघालो तेव्हा त्या अंगणात ज्वारी निवडत बसल्या होत्या.

"काल चौथीला काय झालं रे?"

"का?"

"तीन एका दमात थापल्यास. चौथीला थांबत होतास सारखा. कड जुळवत होतास न्हवं?"

आठवून पाहिलं. तिसरी तव्यावर असताना ऑफिसचा फोन आला होता, आणि चौथीचं पीठ मी तोवर निवलेल्या पाण्यातच मळलं होतं.

"पाणी गार झालं होतं," मी म्हणालो.

"मग परत चढवायचं की," त्या म्हणाल्या आणि सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.