यूपीएफ ५०, पण कोणासाठी?

कापसाच्या कच्च्या तंतूत सेल्युलोजच्या एका साखळीत ग्लुकोजचे साधारण १०,००० घटक असतात. धुलाई आणि ब्लीचिंगमध्ये ती बरीच तुटते, पण हिशेबासाठी हाच आकडा धरू. या साखळीवर सारख्या अंतराने नऊ घाव घातले, की हजार-हजार घटकांचे दहा तुकडे होतात. ९,९९९ जोडांपैकी तुटले फक्त नऊ, म्हणजे ०.१ टक्क्याहूनही कमी. कापडाचं वजन तेवढंच, रूपही तेच. साखळीची लांबी मात्र दहाव्या हिश्श्यावर आलेली. पश्चिमेच्या खिडकीतला सुती पडदा दिसायला धड असतो आणि धुवायला काढताना टरकन फाटतो, तो यामुळे.

हे घाव घालतं कोण? कार्बन-कार्बन बंध तोडायला मोलमागे सुमारे ३४६ किलोज्यूल ऊर्जा लागते. ३०० नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात ती ३९९ असते, ४०० नॅनोमीटरला २९९ आणि डोळ्यांना दिसणाऱ्या ५५० नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशात २१७. म्हणजे थेट बंध तोडण्याइतकी ताकद फक्त अतिनील किरणांत. पण प्रकाश शोषला गेला तरच काम करतो, आणि शुद्ध सेल्युलोज हे किरण फारसं शोषत नाही. शोषतात ती त्यातली अशुद्धी, लोहाचे अंश आणि रंग. काही पिवळे-नारिंगी व्हॅट रंग तर स्वतः टिकतात आणि खालचं कापड कुजवतात. हवेतला ऑक्सिजन आणि ओल बाकीचं काम पुरं करतात.

यावर उपाय म्हणून लेप येतो. ॲक्रिलिक किंवा पॉलियुरेथेनसारख्या पॉलिमरमध्ये अतिनील किरण शोषणारी द्रव्यं मिसळून तो कापडावर पक्का केला जातो. झिंक ऑक्साइड साधारण ३७० नॅनोमीटरच्या खालचे किरण शोषतं, ॲनाटेज प्रकारचं टायटॅनियम डायऑक्साइड ३८७ च्या खालचे. यातला ॲनाटेज मात्र घरभेदी आहे: शोषलेल्या ऊर्जेतून तो अतिक्रियाशील कण तयार करतो आणि तेच सेल्युलोजला खातात. म्हणून त्याच्या कणांवर सिलिका किंवा ॲल्युमिनाचं वेष्टण चढवावं लागतं. पॉलिमरची निवडही पाहावी लागते, कारण ॲरोमॅटिक प्रकारचं पॉलियुरेथेन उन्हात स्वतःच पिवळं पडतं.

आता लेबलवरचा आकडा घेऊ. यूपीएफ ५० म्हणजे अतिनील किरणांचा पन्नासावा भाग, २ टक्के, आरपार जातो. समजा, विणीत धाग्यांमधली मोकळी जागा ३ टक्के आहे. धाग्यांवर कितीही उत्तम लेप द्या, यूपीएफ ३३ च्या वर जाणार नाही, कारण भोकांना लेप नसतो. भोकं बुजवणारा जाड थर दिला तर आकडा चढतो, पण हवा खेळायची थांबते. सुती कापड घ्यायचं तर त्या हवेसाठीच!

शिवाय हा आकडा कापडाचा नाहीच. तो कापडाआडच्या कातडीचा आहे. काळ्या, दाट सुती कापडाचा यूपीएफ भरपूर असतो, कारण किरण कापड स्वतः सोसतं. आरपार न गेलेले ९८ टक्के किरण एक तर परतले किंवा कापडातच जिरले. लेपाने ते धाग्याच्या आधी शोषले का, हे यूपीएफ सांगत नाही. त्यासाठी उन्हात ठेवण्यापूर्वीचं आणि नंतरचं ताणबळ मोजावं लागतं.

रंगाचं दुखणं तर वेगळंच. रंग दिसतो तो दृश्य प्रकाशाचा काही भाग शोषून, आणि त्या शोषणानेही तो विटतो. पारदर्शक लेप हा प्रकाश अडवू शकत नाही. अडवला तर तो पारदर्शक राहणार नाही. संग्रहालयात जुन्या वस्त्रांसाठी ५० लक्सची मर्यादा पाळतात. रोज ८ तास, वर्षाला ३०० दिवस धरले तर होतात १,२०,००० लक्स-तास. थेट ऊन सुमारे १,००,००० लक्सचं असतं. म्हणजे तिथलं वर्षभराचं प्रदर्शन आपल्या गॅलरीत ७२ मिनिटांत उरकतं.

घरच्या पडद्याबाबत मला वाटतं, पॉलिमर सुती कापडात मुरवण्यापेक्षा त्याच्या आणि उन्हाच्या मध्ये ठेवणं शहाणपणाचं. साधी काच ३०० नॅनोमीटरच्या आसपासचे किरण रोखते, पण ३४० च्या पुढचे बहुतेक आत सोडते. दोन काचांमध्ये ०.३८ मिलिमीटरचा पॉलिव्हिनाइल ब्युटिरलचा पापुद्रा घातलेली लॅमिनेटेड काच जवळपास ९९ टक्के अतिनील अडवते. ब्लॅकआउट अस्तरावर ॲक्रिलिक फेसाचे पांढरा-काळा-पांढरा असे तीन थर असतात. त्यातून दृश्य प्रकाशही जात नाही, म्हणून पुढच्या कापडाचा रंग वाचतो.

खरेदी करताना यूपीएफवर थांबू नका. प्रकाशाला रंग किती पक्का आहे, याची १ ते ८ मधली श्रेणी विचारा. दर पायरीला टिकाऊपणा साधारण दुप्पट होतो. आणि लेपाचे आकडे धुण्याआधीचे आहेत की नंतरचे, हेही विचारा.