खणातला मोबाइल

गंगापूर रस्त्यावर राहणाऱ्या माझ्या एका वयोवृद्ध स्नेह्यांच्या घरी, बैठकीच्या खोलीतील टेबलाच्या वरच्या खणात, एक जुना मोबाइल ठेवलेला असे. तो त्यांचा नव्हे. अनेक वर्षे मस्कतला नोकरीस असलेल्या त्यांच्या चिरंजीवांचा. तो वेळच्या वेळी चार्ज करावयाचा, रिचार्ज संपू द्यावयाचा नाही, आणि मुलाने मस्कतहून बँकेचा एखादा व्यवहार सुरू केला की खणातील त्या यंत्रावर उमटलेला सहा अंकी ओटीपी व्हिडिओ कॉलवर त्यास मोठ्याने वाचून दाखवावयाचा, हा त्या घराचा नित्यक्रम होऊन बसला होता. "पोराच्या फ्लॅटचे हप्ते आमच्या या खणातून जातात," असे काका मोठ्या कौतुकाने सांगत, आणि त्या कौतुकामागचे वात्सल्य मला दिसत असूनही माझ्या मनात दर वेळी धास्तीच उभी राहत असे. नाशिकच्या कॉलेज रोडवर, इंदिरानगरात, नाशिकरोडच्या वसाहतींत असे खण किती घरांत असतील याची मोजदाद कोणी केलेली नाही. पण ज्या ज्या घरातून मूल परदेशी गेले आहे, त्या घरच्या माणसांना हे वर्णन परके वाटणार नाही.

समोर नसलेल्या मनुष्याची ओळख कशी पटवावी, हा पेढीवाल्यापुढचा प्रश्न संगणकाच्या फार पूर्वीचा आहे. नाशिकचा सराफ बाजार आज सोन्याचांदीसाठी प्रसिद्ध असला, तरी सराफ या शब्दाचा मूळ अर्थ नाणी पारखणारा, पैशाची देवघेव करणारा असा आहे. आणि दूरच्या प्रवासाला निघालेला यात्रेकरू किंवा व्यापारी रोकड कमरेला बांधून चोरांच्या वाटेने जाण्याऐवजी आपल्या गावच्या सावकाराची हुंडी घेऊन निघे, हे आपल्या इतिहासास ठाऊकच आहे. त्या हुंडीची रचना बारकाईने पाहिली, तर आजचे सुरक्षाशास्त्र ज्या तत्त्वांचा अभिमान बाळगते त्यांपैकी कितीतरी तत्त्वे तीत बीजरूपाने सापडतात. रक्कम आकड्यात आणि अक्षरांत लिहून झाल्यावर तिची निमपट लिहावयाची व त्या निमपटीची दुप्पट पुरी द्यावी असे नमूद करावयाचे, म्हणजे शंभराचे हजार करू पाहणाऱ्या लबाडास एकाच ठिकाणी नव्हे तर तीन ठिकाणी खाडाखोड करावी लागे. संगणकाच्या परिभाषेत ज्यास पडताळणीचा अंक म्हणतात तो हाच. हुंडी वाटेत गहाळ झाली तर तिची दुसरी प्रत म्हणजे पेठ, तीही हरवली तर परपेठ. शिवाय ज्याच्यावर हुंडी काढली त्या आडतियास तिची सूचना देणारे पत्र निराळ्या मार्गाने जाई, आणि हातात आलेली हुंडी व आधी पोहोचलेले पत्र जुळल्यावाचून पैसे मोकळे होत नसत. एकच गोष्ट दोन स्वतंत्र वाटांनी येऊन जुळली पाहिजे, हा दंडक आजच्या दुहेरी ओळखीचाही पाया आहे. मराठेशाहीच्या दफ्तरातील कागद पाहा: माथ्यावर शिक्का आणि मजकूर जेथे संपला तेथे मोर्तब, एवढ्यासाठी की त्याखाली कोणास एक ओळही वाढविता येऊ नये.

या शिक्कामोर्तबाचा आधुनिक अवतार नाशिकमध्येच घडतो, ही गोष्ट आपण नाशिककर पुरेशा जाणिवेने सांगत नाही. टपाल तिकिटे पूर्वी विलायतेहून छापून येत. नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस उभा राहिल्यावर १९२६ पासून ती येथे छापली जाऊ लागली, आणि १९२८ पासून नोटांची छपाईही तेथे होऊ लागली. परदेशी जाणाऱ्या भारतीयाच्या खिशातील पासपोर्टही याच इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये तयार होतो. अलीकडे निघालेल्या ई-पासपोर्टच्या वेष्टनावर एक लहानशी सोनेरी खूण असते आणि आत एक चिप व अँटेना बसविलेली असते. त्या चिपमध्ये धारकाचा तपशील व छायाचित्र असतेच. पण महत्त्वाची गोष्ट ही की त्या सर्व माहितीवर शासनाची अंकीय स्वाक्षरी असते, आणि एक अक्षर जरी बदलले तरी ती स्वाक्षरी जुळेनाशी होते. विमानतळावरील अधिकाऱ्याच्या यंत्राजवळ भारत सरकारचे गुपित नसते. त्याच्याजवळ असते ती केवळ स्वाक्षरी पडताळण्याची उघड किल्ली.

उघड किल्लीने पडताळता यावे पण तिने खोटी स्वाक्षरी मात्र करता येऊ नये, हे कसे शक्य आहे, असा प्रश्न चौकस वाचकाच्या मनात सहज येईल. ८३ आणि ९७ यांचा गुणाकार शाळकरी मुलगाही कागदावर करून ८,०५१ हे उत्तर देईल. परंतु त्याच्या पुढे नुसते ८,०५१ ठेवून ही संख्या कोणत्या दोन मूळ संख्यांपासून झाली असे विचारले, तर त्यास एकेक मूळ संख्या लावून पाहत बसावे लागेल. एका दिशेने सुगम आणि उलट दिशेने दुर्गम असलेल्या अशा गणितावर गुप्त व उघड अशी किल्ल्यांची जोडी उभारता येते, ही कल्पना व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये जगापुढे मांडली, आणि रिव्हेस्ट, शमीर व ॲडलमन या तिघांनी पुढच्याच वर्षी तिला मूळ संख्यांचे प्रत्यक्ष रूप दिले. त्यांच्या पद्धतीत आज वापरल्या जाणाऱ्या संख्या सहाशेहून अधिक अंकांच्या असतात. अडीचशे अंकांची अशी एक संख्या फोडण्यास २०२० साल उजाडावे लागले, आणि तेही असंख्य संगणक एकत्र राबवून. अंकांच्या या प्रांतात नाशिकरोडच्या शेजारी, देवळालीच्या शाळेत शिक्षकी करणारे द. रा. कापरेकर आयुष्यभर रमले होते. त्यांचा ६१७४ हा स्थिरांक बँकेच्या कुलपात वापरला जात नाही, हे खरे. तथापि संख्यांचा निरुपयोगी वाटणारा छंद एके दिवशी जगाच्या तिजोऱ्यांचा राखणदार होतो, हे आठवले की त्या शिक्षकाविषयीचा माझा आदर दुणावतो.

या गणिताचा खातेदारास होणारा पहिला लाभ असा, की दुबईच्या विमानतळावरील किंवा लंडनच्या एखाद्या उपाहारगृहातील वायफायवरून बँकेचे खाते उघडले तर वाटेत कोणी पासवर्ड वाचून घेईल ही जी भीती घरोघर सांगितली जाते, तिचे कारण आता बरेचसे उरलेले नाही. दूरध्वनी व बँक यांच्यामधील मजकूर कूटरूपाने जातो, आणि मध्ये बसलेल्यास निरर्थक अंकांखेरीज काही दिसत नाही. पण येथेच एक गैरसमज घात करतो. पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हाचा अर्थ एवढाच, की पलीकडच्या पक्षाशी चाललेले आपले बोलणे तिसऱ्यास ऐकू येत नाही. पलीकडचा पक्ष सज्जन आहे अशी ग्वाही ते कुलूप देत नाही. बँकेच्या नावात एखादे अक्षर मागेपुढे करून बनावट संकेतस्थळ उभारणाऱ्या चोरासही तसलेच कुलूप विनामूल्य मिळते. म्हणूनच भारतीय बँकांनी आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या राखीव पत्त्यावर न्यावीत असे रिझर्व्ह बँकेने ठरवून दिले. हा पत्ता नोंदवून देण्याचा अधिकार हैदराबादच्या एकाच संस्थेकडे आहे आणि तो बँकेवाचून इतरांस मिळत नाही. परदेशातील आपल्या माणसाला नाशिकहून काही सांगावयाचेच असेल, तर पत्त्याचा शेवट वाचण्याची सवय सांगावी.

आता खणातील त्या मोबाइलकडे वळू. ओटीपी हे अल्पायुषी गुपित आहे, आणि अल्पायुष्य हाच त्याचा गुण; परंतु ते एका ठिकाणी जन्मते आणि दुसऱ्या ठिकाणी पोहोचते, म्हणजे प्रवास करते, आणि जे गुपित प्रवास करते ते वाटेत अडविले जाऊ शकते. हा लघुसंदेश ज्या जुन्या संकेतपद्धतीने एका देशातील दूरध्वनी जाळ्यातून दुसऱ्या देशातील जाळ्यात जातो, ती पद्धत दूरध्वनी कंपन्या परस्परांवर पूर्ण इतबार ठेवतात असे गृहीत धरून आखली गेली होती. २०१७ मध्ये जर्मनीतील काही खातेदारांचे ओटीपी चोरांनी याच वाटेवर आपल्याकडे वळवून घेतले आणि त्यांची खाती रिकामी केली. दुसरी वाट सिमकार्डाची. सिमच्या आत एक गुप्त किल्ली असते आणि तीही उत्तम गणितावर उभी आहे; पण त्या गणिताच्या नादी न लागता चोर दुकानाच्या गल्ल्यावर जातो, बनावट कागद दाखवून तोच क्रमांक नव्या सिमवर घेतो, आणि त्या क्षणापासून सर्व संदेश त्याच्या हाती येतात. नाशिकच्या खणातील यंत्र मुके झाले आहे, हे काकांना कदाचित दोन दिवसांनी कळेल. तिसरी वाट तर चोरावाचूनच उघडते: रिचार्ज राहून गेला, क्रमांक बंद पडला, आणि नियमाप्रमाणे किमान नव्वद दिवस उलटल्यावर तो एखाद्या अनोळखी ग्राहकास रीतसर देण्यात आला, की त्या बिचाऱ्याच्या हाती दुसऱ्याच्या बँकेचे निरोप पडू लागतात.

चौथी वाट सर्वांत रुळलेली. वाचून दाखविण्याची सवय. दर महिन्यास मुलाला आकडा वाचून दाखविणारा मनुष्य, मुलाच्या नावाने घाबऱ्या आवाजात कोणी विचारले तरी तो वाचून दाखवील. त्याचे कान त्या विनंतीस सरावलेले असतात. आणि कायद्याच्या दृष्टीने ही सवय फार महाग पडते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिलेला दंडक असा, की दोष बँकेचाही नाही आणि खातेदाराचाही नाही अशा तोतयेगिरीत, बँकेचा निरोप आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत तक्रार केली तर खातेदारावर कसलाही बोजा पडत नाही. चार ते सात दिवसांत केली तर ठराविक मर्यादेपर्यंत पडतो. पण गुपित त्याने स्वतःच दुसऱ्यास सांगितले असेल, तर तक्रार नोंदविण्याच्या क्षणापर्यंतचे सर्व नुकसान त्याचे. आता निरोप नाशिकच्या खणात पडून राहिला, घरची मंडळी त्र्यंबकेश्वरी गेली आणि मुलगा मस्कतला बेखबर राहिला, तर ते तीन दिवस कोणाच्या नकळत उलटून जातात. बँकेत ई-मेलचा पत्ता नोंदविलेला असावा, एवढ्या साध्या गोष्टीने हे टळते. फसवणूक झाल्यास भारतात १९३० हा क्रमांक आहे. परदेशातून असे लहान क्रमांक लागतीलच असे नाही, म्हणून बँकेचा परदेशातून लागणारा संपूर्ण क्रमांक आधीच लिहून ठेवावा.

सर्व दोष खातेदाराच्या गळ्यात बांधावा असे मात्र मला मुळीच म्हणावयाचे नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली ती कोणा ठेवीदाराने आकडा वाचून दाखविला म्हणून नव्हे. बँकेच्या यंत्रणेतच शिरून चोरांनी एटीएमच्या विचारणांना परस्पर होकार देणारी बनावट व्यवस्था बसविली, आणि काही तासांच्या अवधीत २८ देशांतून पैसे काढले गेले. तेथे कुलूप शाबूत होते, पहारेकरीच बदलला गेला होता.

उपाय काय, तर गुपित प्रवासच करणार नाही अशी योजना. ई-पासपोर्टची पडताळणी शासनाची गुप्त किल्ली न पाहता होते, तीच युक्ती नव्या पासकी-पद्धतीत योजिली आहे: गुप्त किल्ली खातेदाराच्या स्वतःच्या दूरध्वनीत जन्मते, बँक एक यादृच्छिक संख्या धाडते, आणि दूरध्वनी तिच्यावर स्वाक्षरी करून परत पाठवितो. वाचून दाखविण्यासारखे त्यात काही नसते. शिवाय ती किल्ली बँकेच्या खऱ्या पत्त्याशी जखडलेली असल्यामुळे बनावट संकेतस्थळापुढे ती हलतच नाही. आपल्याकडे सारा भार एसएमएसवर राहू नये या दिशेने रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नवे निर्देश काढले, आणि १ एप्रिल २०२६ ही त्यांच्या अंमलाची तारीख ठरविली. त्याआधी, जानेवारी २०२३ मध्येच, ओमान, कतार, अमेरिका, ब्रिटन यांसह दहा देशांच्या दूरध्वनी क्रमांकांवरून अनिवासी भारतीयांना आपल्या एनआरई व एनआरओ खात्यांतून यूपीआय वापरण्याची वाट मोकळी झाली होती. म्हणजे नाशिकचा क्रमांक खणात जिवंत ठेवण्याचे जे मूळ कारण, तेच पुष्कळ अंशी नाहीसे झाले आहे. ते अनेक घरांना कोणी सांगितलेले नाही, एवढेच.

आणि घरच्यांनी मुलाचे व्यवहार पाहावयाचे असतील, तर त्यासाठी पासवर्ड देण्याची मुळीच गरज नाही. आपल्या जुन्या दिवाणी व्यवहारात त्यास सुंदर शब्द आहे, मुखत्यारपत्र. परदेशी स्थायिक झालेल्याने आपले साधे बचत खाते एनआरओ करून घ्यावयाचे असते, आणि त्या खात्यावर वडिलांना मुखत्यार नेमता येते. मुखत्यारास येथील देणी भागविता येतात, पण खातेदाराच्या वतीने कोणास देणगी देता येत नाही, किंवा खातेदाराखेरीज अन्य कोणास परदेशी रक्कम धाडता येत नाही. मर्यादा कागदावर लिहिलेल्या असतात आणि प्रत्येक व्यवहाराखाली ज्याचे त्याचे नाव राहते.

काकांना हे समजावून सांगण्यास मला तीन संध्याकाळी लागल्या. आपल्यावर मुलाचा भरवसा राहिला नाही, अशी त्यांची पहिली समजूत झाली होती, आणि ती दूर करणे हे गणित समजावण्यापेक्षा कठीण होते. अखेर मुलाने मस्कतच्या भारतीय वकिलातीत जाऊन मुखत्यारपत्रावर सही केली व ते टपालाने धाडले. परदेशात झालेल्या दस्तावर, तो येथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरावे लागते, ते भरण्यासाठी काका स्वतः गेले, आणि परतताना पाकीट छातीशी धरून माझ्या दारात उभे राहून म्हणाले, "आता माझी सही चालते तिथे. नुसता आकडा वाचायचा नाही."