मुलगी झाली म्हणून पान्हा आटत नाही

गोठ्यात म्हैस व्याली आणि पारडी झाली की घर खूष होते. रेडकू झाले की मालकाचे तोंड उतरते. पारडी उद्या दूध देणार, म्हणून तिला चीक पोटभर पाजतात, तिच्यासाठी एक सड राखून ठेवतात. घरात मात्र हिशेब नेमका उलटा! मुलगा झाला तर पेढे, मुलगी झाली तर बर्फी, आणि दुसरी-तिसरी मुलगी असेल तर बर्फीही नाही. नुसते, ‘बरं झालं, सुटका झाली बाईची.’

हे बोलणे बाळंतिणीच्या कानावर पडते. पुढे तिच्या मनावर आणि बाळाच्या दुधावर त्याचा काय परिणाम होतो, याचा विचार आपल्या गावांत फारसा होत नाही. तो व्हावा म्हणून हा लेखप्रपंच.

दूध लवकर का तुटते?

मुलीला अंगावरचे दूध मुलापेक्षा कमी महिने मिळते, हे देशपातळीवरच्या कुटुंब आरोग्य पाहणीच्या आकड्यांतून दिसून आले आहे. सीमा जयचंद्रन आणि इल्याना कुझिएम्को या दोन अर्थशास्त्रज्ञ बाईंनी हे आकडे तपासून २०११ साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. आई मुलीचा दुस्वास करते म्हणून हे घडते, असे कोणाला वाटेल. अभ्यासात पुढे आलेले कारण वेगळे आहे.

बाळ रात्रंदिवस अंगावर पीत असले की आईची पाळी उशिरा येते आणि पुढचे दिवस राहणे लांबते. हे आपल्या जुन्या बायकांना ठाऊकच आहे. घरात मुलगा नसला की ‘आता लवकर दुसरं होऊ दे’ अशी घाई सुरू होते. मग मुलीचे दूध लवकर तोडले जाते, किंवा आईला लगेच दिवस जातात म्हणून दूध बंद होते. ज्या बाळाला थोरला भाऊ नाही, त्याचे दूध लवकर तुटते, असे या अभ्यासात आढळले. जितकी मुले हवीत तो आकडा जवळ आला आणि मुलगा अजून झालेला नाही, अशा घरी तर मुलगा-मुलगीतला हा फरक सर्वांत मोठा असतो.

म्हणजे पुढे येणाऱ्या, अजून जन्मही न झालेल्या मुलासाठी आजच्या मुलीचे दूध जाते. हे कोणी ठरवून करत नाही. कोणी वाईट माणूस लागत नाही. पण मुलीच्या ताटातले जाते ते जातेच.

दूध तुटले की बाळाला वरचे दूध, त्यात पाणी, आणि बाटली. विहिरीचे किंवा टाकीचे पाणी गढूळ असले की हगवण आलीच. अंगावरच्या दुधाला पाणी लागत नाही, भांडे लागत नाही, शिवाय रोगाशी लढण्याची ताकद त्यातून मिळते. वरचे अन्नपाणी जिथे अस्वच्छ, तिथे लवकर दूध तुटण्याची किंमत मुली जिवाने मोजतात, असेही याच अभ्यासात दिसले. तेव्हा ग्रामपंचायतीने पाण्यात टीसीएल नीट टाकले की नाही, याचा संबंध थेट घरातल्या तान्ह्या मुलीपर्यंत पोहोचतो, हे सरपंच आणि ग्रामसेवकांनी ध्यानात घ्यावे.

मन खचते ते कसे?

आता आईच्या मनाकडे येऊ. बाळंतपणानंतर पहिले आठ-दहा दिवस रडू येणे, चिडचिड होणे हे पुष्कळ बायकांना होते आणि आपोआप ओसरते. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास वाटणे, बाळ झोपले तरी आपल्याला झोप न लागणे, जेवण न जाणे, ‘मी कामाची नाही’ असे वाटत राहणे, बाळाकडे बघावेसेच न वाटणे, ही लक्षणे आजाराची आहेत. याला प्रसूतीनंतरचे नैराश्य म्हणतात. ‘बाहेरचं काही लागलं’ म्हणून देवऋषाकडे नेण्यात दिवस घालवू नयेत.

आपल्या शेजारी गोव्यात एका जिल्हा रुग्णालयातल्या २७० गरोदर बायकांची पाहणी डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. ती २००२ साली प्रसिद्ध झाली. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी या बायकांपैकी २३ टक्के नैराश्यात होत्या. त्यातल्या निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनीही बऱ्या झालेल्या नव्हत्या. गरिबी आणि नवऱ्याशी न पटणे ही मोठी कारणे निघाली. बाळ मुलगा की मुलगी, यावर बाकीच्या कारणांचा जोर ठरत होता. घरात उपासमार किंवा मारहाण असेल आणि त्यात मुलगी झाली, तर आईचे मन खचण्याचा धोका आणखी वाढत होता.

तमिळनाडूत वेल्लोरकडच्या खेड्यांतली पाहणीही त्याच साली पुढे आली. तिथे ११ टक्के बायकांना बाळंतपणानंतर नव्याने नैराश्य आले. कारणे कोणती? कमी उत्पन्न, मुलगा हवा असताना मुलगी होणे, सासूशी किंवा आईवडिलांशी बेबनाव, आणि कामाला हातभार नसणे. आपल्या घरोघरच्या गोष्टीच जणू!

गोव्यातल्या डॉक्टरांनी बाळांकडेही पाहिले. आई नैराश्यात असेल तर सहा महिन्यांच्या बाळाचे वजन कमी राहण्याचा धोका जास्त होता. आईचे मन आणि बाळाचे अंग अशी एकाच दोरीने बांधलेली आहेत.

दूध येते कसे?

‘मुलगी झाल्याच्या काळजीनं हिला दूधच आलं नाही,’ असे आपण ऐकतो. दूध तयार होते ते बाळाच्या चोखण्याने. बाळ जितके जास्त पिते तितके दूध वाढते. धास्ती, दुःख, अपमान यांनी पान्हा सुटायला वेळ लागतो, एवढे खरे. अशा वेळी घरचे घाबरून बाटली लावतात, बाळ कमी चोखते, आणि मग दूध खरोखरच कमी होते. चूक बाईची नसते, मुलीची तर नसतेच.

आणखी एक समज आहे की पोटुशी बाईचे दूध बाळाला बाधते. प्रकृती चांगली असेल तर दिवस गेल्यावरही पाजायला सहसा हरकत नसते. डॉक्टरांना विचारावे, पण परस्पर तोडू नये.

आणि मुलगा की मुलगी हे बापाच्या बीजावर ठरते. त्याबद्दल सुनेला बोल लावणारी सासू अप्रत्यक्षपणे आपल्याच लेकाला बोल लावत असते.

आपण काय करायचे?

सातारा जिल्ह्यात २०११ साली दोनशेहून अधिक ‘नकुशी’ मुलींना समारंभाने नवी नावे देण्यात आली. चांगलेच झाले. पण ‘नकुशी’पणा बारशाच्या आधीच, बाळंतिणीच्या खोलीत सुरू होतो. तिथे पुढील गोष्टी कराव्यात.

घरच्यांनी : जन्मानंतर तासाभरात बाळाला अंगावर घ्यावे, चीक फेकू नये. सहा महिने फक्त अंगावरचे दूध, पाण्याचा थेंबही नको. पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षांपर्यंत पाजावे. मुलीला एक दिवसही कमी नाही. दोन बाळंतपणांत निदान तीन वर्षांचे अंतर ठेवावे, आणि त्यासाठी केवळ पाजण्यावर न विसंबता आरोग्य केंद्रातून साधन घ्यावे. डिंकाचे लाडू, आळिवाची खीर मुलगी झाली तरी तितकीच करावी. नवऱ्याने रात्री बाळ सांभाळावे. बाईला दोन तास सलग झोप मिळाली तरी निम्मे औषध झाले.

आशाताईंनी : दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आपली घरभेट असतेच. बाळाचे वजन करताना आईला एकटीला विचारावे, ‘झोप लागते का? मनात काय येतं?’ जीव द्यावासा वाटतो असे ती म्हणाली, तर तिला एकटी सोडू नये आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी फोन मोफत आहे.

ग्रामपंचायतीने : प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत दुसरे अपत्य मुलगी असल्यास पात्र मातेला ६००० रुपये मिळतात. त्याचे कागद ग्रामसेवक आणि अंगणवाडी सेविकांनी वेळेत पूर्ण करून घ्यावेत. ग्राम आरोग्य व पोषण समितीच्या बैठकीत एक प्रश्न दर वेळी विचारावा : गावात एक वर्षाच्या आतल्या किती मुलींचे दूध तुटले, आणि किती मुलांचे? यासाठी निधी लागत नाही, वहीत एक रकाना वाढवावा लागतो.

पुढच्या बैठकीला तो रकाना आखून घेऊनच बसावे.